पायाचा एक्स-रे वाचायचाय? आधी चप्पल काढा

आमच्या रेडिओलॉजी विभागात कुणी नवीन आलं, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, रेडिओग्राफीची विद्यार्थिनी किंवा पेशंटनं आणलेल्या एमआरआयकडे नुसतं बघत बसायचा कंटाळा आलेला फिजिओथेरपिस्ट, तर पहिल्या दिवशी मी त्याला स्क्रीनसमोर बसवत नाही. चप्पल काढायला सांगतो. पँट गुडघ्याच्या वर दुमडायची, खुर्चीत बसायचं आणि स्वतःच्या पायावर बोट ठेवत वरून खाली यायचं. सगळे हसतात. दोन आठवड्यांनी हसत नाहीत.

कारण सांगतो. कॉलेजात आपण स्नायू कुठून निघतो, कुठं चिकटतो, त्याला नस (नर्व्ह) कोणती, हे पाठ करतो. परीक्षेला ते पुरतं. स्क्रीनवर मात्र प्रश्न वेगळा असतो: या पातळीवर याच्या शेजारी कोण? कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत घर शोधताना आपण घर नंबर विचारतो का? तालमीच्या मागं, पाण्याच्या टाकीला लागून, अमक्याच्या दुकानासमोर, असाच पत्ता मिळतो. पायाची ॲनाटॉमी इमेजिंगसाठी शिकायची ती अशीच, शेजाराच्या खुणांनी.

पहिली पायरी : स्वतःचा पाय

कमरेवर हात ठेवलात की पुढच्या बाजूला हाडाचं जे टोक लागतं, ते इलियमचं, म्हणजे कमरेच्या हाडाचं. तिथून जांघेतून मध्यापर्यंत, म्हणजे कमरेची दोन्ही हाडं पुढं जिथं जुळतात त्या प्युबिक सिंफिसिसपर्यंत, मनात एक रेघ ओढा. रेघेच्या साधारण मध्यावर बोट दाबलं की फिमोरल धमनीचा ठोका लागतो. त्या ठोक्याच्या बरोबर मागं खोलवर खुब्याच्या सांध्याचा चेंडू आहे. धमनीच्या आतल्या बाजूला शीर (व्हेन), बाहेरच्या बाजूला नस. एवढा शेजार पक्का झाला, तर पुढं सीटीत आणि डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) जांघ ओळखायला वेळ लागत नाही.

आता उभं राहून मांडीच्या बाहेरच्या बाजूला वर तळवा ठेवा आणि पाय आत-बाहेर फिरवा. तळव्याखाली जो उंचवटा सरकतो तो मांडीच्या हाडाचा ग्रेटर ट्रोकँटर. पुन्हा बसा, पाय लांब करून सैल सोडा. गुडघ्याची वाटी बोटांनी डावी-उजवी हलते. वाटीखाली जाड पट्टा, आणि पट्टा जिथं संपतो तो नडगीवरचा उंचवटा म्हणजे टिबियल ट्युबरोसिटी (टिबिया म्हणजे नडगीचं हाड). बाहेरच्या बाजूला, थोडं मागं, सुपारीएवढा गोळा लागेल. ते फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं. त्याच्या लगेच खाली, त्याच हाडाच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनियल नस जाते. प्लास्टर तिथं घट्ट बसलं की पाऊल उचलेनासं होतं, ते याच नसेमुळं.

नडगीवर कातडीखाली लगेच हाड आहे, मधे स्नायू नाही. म्हणून तिथं साधा मार बसला तरी डोळ्यांपुढं काजवे चमकतात आणि हाड मोडलं तर जखम उघडी पडायची शक्यता जास्त. खाली घोट्याशी दोन्ही अंगठे दोन्ही बाजूंना ठेवा. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली आणि जरा मागं आहे, हे अंगठ्यांनाच कळेल. एक्स-रेच्या फिल्मवर आतला कोणता आणि बाहेरचा कोणता, हे मग विचारावं लागत नाही.

पावलावर दोन खुणा आहेत. आतल्या कडेला, घोट्याच्या पुढं खाली येणारा नॅव्हिक्युलर या छोट्या हाडाचा उंचवटा. बाहेरच्या कडेला, टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्यावर पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाचं, बूड. बॉलपेननं दोन्हीवर फुल्या मारा. या फुल्या पुढं लागणार आहेत.

दुसरी पायरी : रविवारचं मटण

हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही, पण गुडघा मला इथंच कळला. रविवारी मटण आणायला जाल तेव्हा सांगा, "मामा, मागच्या पायाचा गुडघा अख्खा द्या, तोडू नका." मामा आधी तुमच्याकडं बघतील, मग देतील. बोकडाचा मागचा पाय जिथं मागं वाकलेला दिसतो त्याला आपण गुडघा समजतो. ती खरं तर टाच. खरा गुडघा वर, पोटाला लागून असतो. सूपासाठी जे पाये आणतो त्यातल्या मागच्या पायाचं लांब हाड म्हणजे दोन मेटाटार्सल जुळून झालेलं एकच हाड. बोकडाला फिब्युला जवळजवळ नाहीच, त्यामुळं तेवढं माणसाशी जुळणार नाही. बाकी गुडघ्याच्या आतलं सामान तेच.

वाटीखालचा पट्टा कापून वाटी वर उलटवा. आत पांढऱ्याशुभ्र, चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या दिसतील, त्या मेनिस्कस. मधे एकमेकींना छेदणाऱ्या दोन दोऱ्या, त्या क्रूशिएट लिगामेंट. आता गुडघा वाकवून खालचं हाड पुढं ओढा. हलत नाही. पुढची दोरी कापा आणि परत ओढा. हाड सर्रकन पुढं येतं. मैदानावर पाय मुरगळून आलेल्या पोराच्या गुडघ्यावर डॉक्टर जी ओढाताण करतात ती कशासाठी, हे त्या क्षणाला हाताला कळतं. घरात माळ असेल तर सक्ती नाही, विभागातल्या वाळक्या हाडांवर भागवा. पण वाळक्या हाडांना दोऱ्या नसतात.

तिसरी पायरी : फिल्म, पण हाडाकडं नंतर बघायचं

फिल्म समोर आली की नाव, तारीख, आणि उजव्या-डाव्याची खूण. मग कोणता व्ह्यू आहे, म्हणजे कुठल्या बाजूनं काढलीय, ते. हे तोंडानं म्हणायचं, मनातल्या मनात नाही. शेजारी टेक्निशियन असेल तर तो लगेच दुरुस्त करतो. टेक्निशियनशी मैत्री करा. पाय कसा ठेवला, का ठेवला, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

दोनाचा नियम लक्षात ठेवा: कमीत कमी दोन व्ह्यू, आणि लांब हाडाच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूनं मोडलेलं निघू शकतं. लहान मुलांत शंका आली तर वरिष्ठांना विचारून दुसऱ्या पायाची फिल्म तुलनेला घेता येते.

मग प्रत्येक हाडाची कड पेन्सिलीच्या टोकानं, फिल्मला न टेकवता, पूर्ण फिरायची. मोठं हाड आधी, छोटं नंतर. जिथं पेन्सिल अडखळते तिथं थांबायचं.

खुबा. पेल्व्हिसची, म्हणजे कमरेच्या हाडांची, फिल्म काढताना पाय सुमारे १५ अंश आत वळवतात, म्हणजे फीमरची (मांडीच्या हाडाची) मान पूर्ण लांबीनं दिसते. पाय बाहेर वळलेला असेल तर मान आखूड दिसते आणि मानेखालचा छोटा उंचवटा, लेसर (धाकटा) ट्रोकँटर, फुगून पुढं येतो. नवीन माणूस त्यालाच आजार समजतो. प्युबिसच्या (कमरेच्या हाडाच्या पुढच्या भागाच्या) वरच्या फांदीची खालची कड आणि फीमरच्या मानेची आतली कड मिळून एक सलग कमान होते, ती शेंटन रेषा. दोन्ही बाजूंची कमान डोळ्यांनी चालून बघा. मान आणि दांडा यांच्यातला कोन मोठ्या माणसात साधारण १२५ ते १३५ अंश. न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजी पायावर भार देत नाहीत आणि फिल्म चांगली दिसते, तेव्हा फिल्मवर विश्वास ठेवू नका, वरिष्ठांना सांगून सीटी किंवा एमआरआयचा विषय काढा. फीमरच्या डोक्याला बहुतेक रक्त मीडियल सर्कमफ्लेक्स धमनीच्या फांद्यांतून, मानेला चिकटून वर येतं. मान मोडली की तो रस्ता तुटतो. डोकं पुढं मरतं का, हा प्रश्न त्यामुळंच येतो.

मांडीच्या दांड्यावर फार वेळ घालवू नका. तो मोडला तर बहुधा दारातूनच दिसतो.

गुडघा. समोरून बघताना फिब्युला ज्या बाजूला ती बाहेरची बाजू, एवढं धरून ठेवा. फीमरच्या बाहेरच्या काँडाइलच्या (खालच्या गोल टोकाच्या) कडेवरून सरळ खाली रेघ टाका. टिबियाची कड तिच्याबाहेर ५ मिलिमीटरपेक्षा जास्त गेली असेल तर प्लॅटो, म्हणजे टिबियाचं वरचं सपाट टोक, मोडल्याचा संशय घ्या. टिबियाच्या बाहेरच्या वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चकती सुटलेली दिसली, तर तिला किरकोळ समजू नका. तो सेगाँड फ्रॅक्चर, आणि त्याच्यामागं बहुतेक वेळा तुटलेलं पुढचं क्रूशिएट असतं.

आडव्या झोपलेल्या पेशंटची, बीम आडवा ठेवून काढलेली बाजूची फिल्म मात्र कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. तांबडा रस्सा वाटीत थोडा वेळ ठेवला की वर तवंग येतो. सांध्यात जाणारं फ्रॅक्चर झालं की नळीतली चरबी रक्ताबरोबर सांध्यात उतरते आणि गुडघ्याच्या वाटीवरच्या पिशवीत तशीच तरंगते. फिल्मवर वरचा थर काळपट, खालचा पांढुरका, मधे पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ. मोडलेलं हाड दिसो न दिसो, ही रेघ दिसली की सांध्यात जाणारं फ्रॅक्चर आहे असंच धरून पुढं शोधायचं.

घोटा आणि पाऊल. इथं जरा थांबू, कारण चुका इथंच होतात.

घोट्याची सरळ समोरून काढलेली फिल्म पुरत नाही. पाय १५ ते २० अंश आत वळवून काढलेला मॉर्टिस व्ह्यू हवा. त्यात टॅलसच्या (टाचेवरच्या, घोट्यातल्या हाडाच्या) तिन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. आतल्या बाजूची फट ४ मिलिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

माझी स्वतःची चूक इथलीच. शिकत होतो तेव्हा पेठेच्या टीममधला एक पोरगा मॅच संपवून थेट आला होता, घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. फिल्म बघितली. आतली फट जरा रुंद वाटली, पण तुटलेलं हाड काही सापडेना. "हाड नॉर्मल" असं लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच्या गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला, फक्त अंगठा दाबला. पोरगा कळवळला. फिब्युला वर, मानेजवळ मोडली होती. घोट्यातून आत शिरलेला पिळ दोन हाडांमधल्या पडद्यातून वर गेला आणि तिथून बाहेर पडला. याला मेझोनव्ह फ्रॅक्चर म्हणतात. फट रुंद दिसते आणि हाड अखंड दिसतं, म्हणजे तुमची फिल्म अपुरी आहे. पूर्ण नडगीची मागवा.

फिल्म काढायची की नाही, हे ठरवण्यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली नियम मांडले. मघाच्या तुमच्या फुल्या इथं कामाला येतात. घोट्याच्या भागात दुखत असेल आणि आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या टोकाला अथवा मागच्या कडेवर, शेवटच्या ६ सेंटिमीटरमध्ये, दाबून दुखलं, किंवा पेशंटला चार पावलंही टाकता आली नाहीत, तर घोट्याची फिल्म. पावलाच्या मध्यभागात दुखत असेल आणि नॅव्हिक्युलर किंवा पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी दाबून दुखलं, किंवा तीच चार पावलं जमली नाहीत, तर पावलाची. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की हा नियम दर रविवारी वापरायला मिळतो.

पावलात २६ हाडं. घाबरू नका, त्यातली १४ बोटांची आणि ५ मेटाटार्सल. उरली ७, तीच खरी शिकायची. बाजूच्या फिल्मवर टाचेच्या हाडाच्या वरच्या कडेवर दोन रेघा टाकून ब्योलर कोन मोजतात. तो २० ते ४० अंश असावा. बांधकामावरून पडलेल्या गवंड्याच्या टाचेत तो सपाट झालेला दिसला, तर दुसरी टाच आणि कमरेचे मणकेही बघा. वरून आलेला भार वाटेत कुठंही मोडतो.

समोरून बघताना दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड आणि त्याच्या मागच्या मधल्या क्युनिफॉर्म हाडाची आतली कड एका रेषेत आली पाहिजेत. तिरप्या फिल्मवर चौथ्या मेटाटार्सलची आतली कड आणि त्याच्या मागच्या क्युबॉइड हाडाची आतली कड. एक-दोन मिलिमीटरचा फरकही या हाडांमधल्या लिस्फ्रांक सांध्याची दुखापत सांगून जातो. हे मुरगळणं समजून हळद-लेपावर सोडून दिलेले पाय मी बघितलेत.

फसवणारे शेजारी

आता ज्यांना उगाच आजार म्हटलं जातं ते. गुडघ्यामागं, बाहेरच्या बाजूला छोटा गोल दाणा: फॅबेला, गॅस्ट्रोक्नेमियस या पोटरीच्या स्नायूमधलं हाड. वाटीचा वरचा बाहेरचा कोपरा वेगळा, पण कडा गुळगुळीत: दोन तुकड्यांची जन्मजात वाटी. टॅलसच्या मागं सुटा तुकडा: ओस ट्रायगोनम. टिबियाच्या मागच्या भागात वरून खाली तिरपी जाणारी बारीक काळी रेघ: पोषक धमनीचा बोगदा. वाढत्या मुलांत पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी हाडाच्या लांबीला समांतर जाणारी फट वाढीची असते, आडवी जाणारी फट मोडल्याची. तुटलेल्या हाडाची कड तीक्ष्ण असते, जन्मजात वेगळ्या हाडाची कड सगळीकडून पांढऱ्या रेषेनं बंद. सगळं यात बसत नाही, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

चौथी पायरी : काप

सीटी आणि एमआरआयचे आडवे काप बघताना आपण पेशंटच्या पायथ्याशी उभं राहून वर बघतोय असं समजायचं. म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडं.

सुरुवात सांध्यापासून करू नका. मांडीच्या मध्यापासून करा. मधे फीमर, पुढं चार डोक्यांचा क्वाड्रिसेप्स, आत ॲडक्टर, मागं हॅमस्ट्रिंग, हे सगळे स्नायू. सार्टोरियस स्नायूचा पट्टा शोधा. तो मांडी ओलांडत तिरपा खाली येतो आणि मांडीच्या मधल्या भागात त्याच्याच आडोशाला फिमोरल रक्तवाहिन्या सापडतात. मागं, ॲडक्टर मॅग्नस आणि मांडीतला बायसेप्स यांच्यामधे सायॅटिक नस. एमआरआयवर ती कशी दिसते? ऊस आडवा कापून बघा. कांड्यात जसे ठिपके दिसतात, तशीच ती ठिपक्यांची जुडी.

माउसचं चाक हळू फिरवत एकाच गोष्टीचा पाठलाग करा. एका दिवशी फक्त धमनी: फिमोरल, मग ॲडक्टरच्या बोगद्यातून मागं जाऊन गुडघ्यामागची पॉपलिटियल, मग तिच्या फांद्या. ॲन्टीरियर टिबियल ही फांदी त्या दोन हाडांमधल्या पडद्यावरून पुढं जाते आणि पावलावर डॉर्सालिस पेडिस होते, बाकी दोन मागं राहतात. दुसऱ्या दिवशी फक्त सायॅटिक. तिसऱ्या दिवशी फक्त पोटरीचे चार कप्पे. सगळं एकदम बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

सरावाला रेडिओपीडिया या वेबसाइटवर चाकानं फिरवता येणाऱ्या केसेस फुकट आहेत.

पाचवी पायरी : गुडघ्याचा एमआरआय

लाल मातीतले पैलवान आणि पेठांचे फुटबॉलपटू यांच्या कृपेनं हा इथं भरपूर बघायला मिळतो. आधी रंग. एमआरआयची चित्रं वेगवेगळ्या पद्धतींनी घेतात. टी-वन चित्रात चरबी पांढरी, पाणी काळसर. फॅट-सॅच्युरेटेड चित्रात चरबी काळी केलेली, त्यामुळं पाणी आणि सूज पांढरी उठून दिसते. मेनिस्कस, लिगामेंट, टेंडन (स्नायू हाडाला बांधणारा दोर), हाडाची कड हे सगळ्या चित्रांत काळेच. काळ्यात पांढरं दिसलं की प्रश्न विचारायचा. मात्र टेंडन चुंबकाच्या दिशेशी ५५ अंशांच्या कोनात असेल तर काही चित्रांत उगाच पांढरा दिसतो, हेही लक्षात असू द्या.

बाजूच्या कापांत गुडघ्याच्या कडेकडून सुरुवात केलीत की मेनिस्कस आडव्या ठेवलेल्या डमरूसारखा दिसतो. ४-५ मिलिमीटर जाडीच्या कापांत डमरू साधारण दोनदा दिसतो, मग त्याचे दोन त्रिकोण होतात. आतल्या मेनिस्कसचा मागचा त्रिकोण पुढच्यापेक्षा मोठा, बाहेरच्याचे दोन्ही जवळजवळ सारखे. बाहेरच्याच्या मागून पॉपलिटियस या गुडघ्यामागच्या स्नायूचा टेंडन जातो, ती फट फाटल्यासारखी वाटते. फसू नका.

मधल्या कापात मागचं क्रूशिएट जाड, काळं, वाकलेलं, एका नजरेत सापडतं. पुढचं बारीक, जरा करड्या रेषांचं. फीमरच्या खाचेच्या छपराशी ते समांतर जायला हवं. ते आडवं पडलेलं दिसलं तर मटणाच्या दिवशी तुम्ही कापलेली दोरी आठवा.

सहावी : डॉपलर, थोडक्यात

जांघेत प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) आडवा धरला की धमनी, शीर आणि तिला मिळणारी सॅफेनस शीर मिळून मिकी माऊसचं तोंड दिसतं. दाबल्यावर शीर चपटी होते, धमनी होत नाही. शीर दबली नाही, तर आत गुठळी आहे का ते बघा. गुडघ्यामागं मात्र क्रम उलटा, शीर प्रोबच्या जवळ आणि धमनी खोल. आणि एक जुनं नाव अजून रिपोर्टात भेटतं: सुपरफिशियल फिमोरल व्हेन. नाव वरवरचं, पण शीर खोलातली. तिच्यातली गुठळी किरकोळ समजून सोडली तर ती फुफ्फुसापर्यंत जाऊ शकते. म्हणून आता नुसतं फिमोरल व्हेन लिहायचं.

वेळापत्रक विचारतात, तर एका आठवड्याला एक भाग. त्या आठवड्यात त्या भागाच्या निदान २० नॉर्मल फिल्म बघितल्याशिवाय मोडलेली बघायची नाही. रिपोर्ट झाकून ठेवायचा, वहीत हातानं रेखाटायचं, मग रिपोर्ट उघडायचा. चित्र वाईट आलं तरी चालेल, माझी अजून वाईटच येतात. सही वरिष्ठांची असते तोवर चुकायची मुभा आहे, ती वापरा. आणि वहीच्या शेवटच्या पानांवर, आपण कशाला आजार समजलो आणि ते नॉर्मल निघालं, याची यादी तारखेसह ठेवा. माझ्या यादीत फॅबेला तीनदा आहे.